दुपारच्या डब्याचा हिशेब

सरकारी रुग्णालयातल्या मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न रोज विचारला जातो : ‘‘दुपारी काय जेवता?’’ त्याची दोन उत्तरे जवळजवळ ठरलेली असतात. पन्नाशीच्या आतबाहेरचा एखादा कार्यालयीन कर्मचारी थोडा ताठ होऊन सांगतो, ‘‘घरचाच डबा असतो डॉक्टर. बाहेरचं काही खात नाही.’’ त्याच्यामागे रांगेत उभा असतो एखादा सुरक्षारक्षक. कुटुंब गावी, हा शहरात चौघांत मिळून घेतलेल्या खोलीवर. तो खाली बघत म्हणतो, ‘‘कॅन्टीनला जेवतो साहेब. काय करणार?’’ एकाच्या आवाजात समाधान असते, दुसऱ्याच्या आवाजात अपराधीपणा. आणि पुष्कळदा दोघांच्याही हातातल्या कागदावर जेवणानंतरची साखर सारखीच वाढलेली असते.

पहिल्याला हे पटत नाही. घरचे खाऊनही असे का? त्याचे उत्तर डब्याचे झाकण उघडल्यावर मिळते. तेल लावून घडी घातलेल्या चार पोळ्या, बटाट्याची काचऱ्या केलेली भाजी, कोपऱ्यात लोणच्याची फोड. दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या जागी फ्लॉवर-बटाटा, तिसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. सारे स्वच्छ, ताजे, मायेने केलेले. पण शरीर अन्नाचा पत्ता विचारत नाही. त्यात काय आहे आणि किती आहे, एवढेच ते मोजते.

घरचा डबा कॅन्टीनपेक्षा चांगला असतो का? असू शकतो, आणि खूपच चांगला असू शकतो. मात्र ते आपोआप होत नाही. डब्याचा खरा फायदा हा, की त्यात काय भरायचे हे आपल्या हातात असते. तो अधिकार वापरलाच नाही, तर डबा आणि कॅन्टीन यांत फक्त पत्त्याचा फरक उरतो.

प्रश्न एका जेवणाचा नाही

नोकरी करणारा माणूस आठवड्यातून पाच-सहा वेळा कामाच्या ठिकाणी जेवतो. वर्षाला ही संख्या अडीचशेच्या पुढे जाते. तीस वर्षांच्या नोकरीत साडेसात हजार जेवणे. सणाचे किंवा लग्नाचे जेवण कोणाला आजारी पाडत नाही. हे रोजचे, सवयीचे, फारसे लक्ष न देता उरकलेले जेवण मात्र हळूहळू आपला हिशेब मांडत जाते.

तो हिशेब देशपातळीवर काय दिसतो? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे, म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसे. आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब असलेल्यांचे प्रमाण ३५.५ टक्के, म्हणजे दर तीन प्रौढांमागे एकापेक्षा जास्त. याच पाहणीतून पुढे २०२५ मध्ये आहाराविषयीची माहिती आली. भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे मुख्यतः भात, गहू आणि साखर यांतून येते. प्रथिनांचा वाटा त्या मानाने फार लहान आहे. चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी हे या आकड्यांचेच घरगुती रूप होय.

कॅन्टीनचे जेवण तसे का असते?

कॅन्टीनला नावे ठेवणे सोपे आहे. तिथला स्वयंपाकी काही कोणाचा वैरी नसतो. त्याला दोन-तीनशे माणसांचे जेवण ठरलेल्या दरात, ठरलेल्या वेळेला उभे करायचे असते. पालेभाजी निवडायला माणसे लागतात, ती धुवायला पाणी लागते, आणि शिजल्यावर ती मूठभर होते. बटाटा सोलला की काम झाले. म्हणून बटाटा रोज येतो, मेथी महिन्यातून एकदा. वरण पातळ केले की पुरते. दहाला शिजवलेली भाजी अडीचपर्यंत पुन्हा पुन्हा गरम करून वाढायची, तर तिच्यावर तेलाची तर्री असलेली बरी. ती सुकलेली दिसत नाही. कडधान्य लवकर शिजावे म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा पडतो. सोड्यामुळे त्यातले ब-१ जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते आणि सोडियम वाढते.

शिवाय एक साधी गोष्ट आहे. जेवण अळणी लागले तर गिऱ्हाईक लगेच ओरडते. तेल जास्त झाले म्हणून कोणी ताट परत करत नाही. साहजिकच स्वयंपाक्याचा हात मीठ-तेलाकडे सैल होत जातो.

तळणीच्या तेलाचा प्रश्न वेगळा. तेच तेल वारंवार तापवले की त्यात घातक संयुगे तयार होतात. ती किती आहेत हे ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ या मोजमापाने ठरते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्याची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवून दिली. त्यापुढे ते तेल स्वयंपाकात वापरायचे नाही. वनस्पती तूप आणि तत्सम पदार्थांतल्या ट्रान्स फॅटचे प्रमाणही जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणले गेले. नियम चांगले आहेत. पण समोरच्या वड्याचे तेल आज कितव्यांदा तापले आहे, हे गिऱ्हाइकाला समजायला काही मार्ग नसतो.

अभ्यास काय सांगतात?

घरच्या जेवणाचे कौतुक आपल्याकडे पूर्वापार आहेच, पण त्याची मोजदादही झाली आहे. अमेरिकेतील परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रात काम करणारे पुरुष अशा सुमारे एक लाख व्यक्तींच्या आहाराचा अनेक वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दुपार आणि रात्र मिळून आठवड्यातून ११ ते १४ वेळा घरी केलेले जेवण जेवणाऱ्यांमध्ये, सहा किंवा त्याहून कमी वेळा तसे जेवणाऱ्यांच्या तुलनेत, टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळला. इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात ११ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून पाचपेक्षा अधिक वेळा घरचे मुख्य जेवण घेणारे लोक फळे आणि भाज्या जास्त खातात, असे तीत दिसले.

हे आकडे वाचताना एक भान ठेवायला हवे. घरी जेवणाऱ्या माणसाचे राहणीमान, व्यायाम, झोप, कामाची वेळ हेही वेगळे असू शकते. संशोधक हे फरक शक्य तितके वजा करतात, पण ते पूर्ण वजा होत नाहीत. त्यामुळे ‘डबा नेला की मधुमेह टळला’ असा अर्थ यातून काढता येत नाही. दुसऱ्या पाहणीतली भाज्या-फळांची गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. घरच्या जेवणाचा फायदा होतो तो मुख्यतः ताटात काय येते यामुळे.

डब्यातले गणित

ढोबळ हिशेब करून पाहू. मध्यम आकाराच्या एका पोळीला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते. तिच्यातून साधारण २० ग्रॅम कर्बोदके आणि ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. चार पोळ्यांची कर्बोदके झाली ८०. बटाट्याच्या भाजीची आणखी २५. म्हणजे एका बैठकीत शंभराहून अधिक ग्रॅम कर्बोदके आणि प्रथिने जेमतेम १५ ग्रॅम. जेवणानंतर तासाभराने डोळ्यांवर येणारी झापड, चारच्या सुमारास पुन्हा लागणारी भूक आणि त्या भुकेला दिलेला समोसा, यांचे मूळ बरेचसे इथेच असते.

आता तोच डबा वेगळा भरू. दोन पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ, एक पालेभाजी, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि लहान वाटीभर दही. कर्बोदके ७५ ग्रॅमच्या आसपास येतात, प्रथिने २२ ते २५ ग्रॅमपर्यंत जातात. तंतुमय पदार्थ तर कितीतरी वाढतात, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. पोट भरते आणि भरलेले राहते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. दुपारच्या डब्याने त्यातला निदान तिसरा हिस्सा उचलायला हवा.

यासाठी परदेशी बियाणे किंवा महागडी पावडर लागत नाही. मराठी स्वयंपाकघरात हे सारे आधीपासून आहे. मूगडाळ घालून केलेली मेथी किंवा पडवळ, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घातलेला पालक किंवा चाकवत, चवळी, मूग, मसूर यांच्या उसळी, डाळ-कांदा, झुणका, अंड्याची भुर्जी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत वातड होते ही तक्रार खरी आहे. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून पातळ भाकरी केली आणि सुती फडक्यात गुंडाळली, तर ती बरीच मऊ राहते.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी सुचवलेले प्रमाण असे : भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, सुकामेवा व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. म्हणजे ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा. आपल्या डब्यात भाजीचा कप्पा सर्वांत लहान आणि पोळीचा सर्वांत मोठा असतो. तो क्रम उलटा केला तरी अर्धे काम होते.

तेल आणि मीठ : महिन्याचे बिल बघा

रोजचे २७ ग्रॅम तेल म्हणजे सुमारे सहा लहान चमचे. यात फोडणी, पोळीला लावलेले तेल, वरणावरचे तूप, सारे आले. स्वयंपाक करताना कोणी चमचे मोजत नाही. त्यापेक्षा वाणसामानाची यादी बघणे सोपे. या हिशेबाने चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला तेल-तूप मिळून साडेतीन लिटरच्या आसपास लागायला हवे. पाच लिटरचा डबा महिनाअखेर येण्याआधीच संपत असेल, तर घरचे जेवणही कॅन्टीनच्याच वाटेने चालले आहे.

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. २०१७-१८ मधील राष्ट्रीय पाहणीत भारतीयांचे सरासरी प्रमाण सुमारे ८ ग्रॅम आढळले. डब्यात हे जास्तीचे मीठ मुख्यतः लोणचे, पापड, सांडगी मिरची आणि फरसाण या वाटांनी येते. रक्तदाबाच्या रुग्णाने लोणच्याऐवजी लिंबाची फोड न्यावी. तिचा आणखी एक उपयोग आहे. कडधान्य आणि पालेभाजीतले लोह शरीरात शोषले जायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा त्याच शोषणात अडथळा आणतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. डब्यावर लिंबू पिळणे आणि चहा तासभर पुढे ढकलणे, हे दोन्ही फुकट होणारे उपाय आहेत.

सकाळी सात ते दुपारी दीड

डब्याची एक बाजू क्वचितच बोलली जाते, ती म्हणजे वेळ. सकाळी सातला भरलेला डबा दीडला उघडतो. साडेसहा तास. शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात.

भाताला विशेष जपावे लागते. ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. भात कोमट स्थितीत तासन्‌तास राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. हे विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन तो डब्यात भरणे धोक्याचे. रात्रीचा भात न्यायचाच, तर तो लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवलेला असावा, आणि कामाच्या ठिकाणीही फ्रिज असावा.

मुंबईने या वेळेच्या अडचणीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच एक तोड काढली होती. माणूस सकाळच्या गाडीने निघून जातो, त्याचा डबा नऊ-दहाच्या सुमाराला घरून उचलला जातो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्या हातात पडतो. डबेवाल्यांच्या शिस्तीचे आणि अचूकपणाचे कौतुक जगभर झाले. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर शिजणे आणि खाणे यांतले अंतर त्यांनी काही तासांनी कमी केले, हेही त्यांचे मोठे काम म्हणावे लागेल.

ज्यांना ही सोय नाही त्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. साध्या स्टीलच्या डब्यात कोरड्या भाज्या आणि सुक्या उसळी न्याव्यात. ओले खोबरे घातलेले आणि रसदार पदार्थ लवकर आंबतात. आमटी किंवा वरण न्यायचे असेल तर उष्णता धरून ठेवणारा डबा घ्यावा, तो आधी उकळत्या पाण्याने गरम करावा आणि पदार्थ वाफाळता असतानाच भरावा. कोशिंबिरीत मीठ आणि दही जेवताना घालावे. फळ कापून नेण्यापेक्षा अख्खे न्यावे : पेरू, संत्रे, केळे. मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिकचा डबा ठेवू नये. अन्न काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून गरम करावे. डब्याच्या झाकणातली रबरी कड रोज काढून धुवावी, जुने अन्न तिथेच अडकून राहते. उन्हाळ्यात वास किंवा चव जराही बदललेली वाटली, तर ‘अन्न टाकू नये’ ही शिकवण तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी.

अर्धा डबा

आता रांगेतल्या त्या दुसऱ्या माणसाकडे वळू. खोलीवर एक शेगडी, चौघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, पहाटे पाचला घर सोडायचे. त्याला ‘घरचा डबा न्या’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. आपल्या शहरांत अशी माणसे लाखोंनी आहेत, आणि आरोग्याचे सल्ले बहुधा त्यांना वगळूनच दिले जातात.

त्यांच्यासाठी अर्धा डबा हा मार्ग आहे. कॅन्टीनमध्ये पोळी, भात आणि वरण स्वस्तात मिळते. तिथे मिळत नाही ते कच्चे सॅलड, फळ, घट्ट कडधान्य आणि दही. तेवढेच बरोबर न्यावे. रात्री भिजवलेले मूठभर हरभरे सकाळी उकडून, दोन उकडलेली अंडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, एक काकडी, एक गाजर, एक पेरू. यांतल्या बऱ्याच गोष्टींना शेगडीही लागत नाही. अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. मग कॅन्टीनमधून दोन चपात्या आणि वरण घेतले, तर्रीवरचे तेल बाजूला सारले, पापड आणि भात सोडला, की ताट पुष्कळ सुधारते.

कॅन्टीनमध्येही निवड असतेच. वडा किंवा भज्यांऐवजी इडली, उपमा, पुरीऐवजी चपाती, सरबत किंवा थंड पेयाऐवजी बिनसाखरेचे ताक. आधी काकडी-गाजर, मग उसळ किंवा अंडे आणि शेवटी चपाती किंवा भात, असा क्रम ठेवला तर जेवणानंतर साखर कमी वेगाने चढते. याला एक पैसाही जास्त लागत नाही.

औषध घेणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी जेवणाची वेळ ही औषधाइतकीच महत्त्वाची असते. बैठक लांबली, कॅन्टीनची रांग मोठी निघाली, दीडचे जेवण अडीचवर गेले की साखर अचानक उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोके सुन्न होते. डबा जवळ असला तर जेवण वेळेवर करता येते. हा त्याचा एक मोठा फायदा आहे. अशा रुग्णांनी साखरेचे खडे किंवा ग्लुकोजची पुडी जवळ ठेवावीच.

दुसरी गोष्ट. चार पोळ्यांच्या दोन झाल्या आणि आहार खरोखर सुधारला, तर तेच जुने औषध जास्त होऊ शकते. म्हणून बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि पहिले काही आठवडे साखर तपासत राहावे. ज्यांचे मूत्रपिंड अशक्त आहे, त्यांनी कडधान्ये, फळे आणि प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत. त्यांच्यासाठी पोटॅशियम आणि प्रथिनांचे प्रमाण तपासणीवरून ठरवावे लागते. मिठाला पर्याय म्हणून बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियम असते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

डबा भरतो कोण?

इथवर सांगितलेले सगळे वाचून एखादी वाचक मनात म्हणेल, ‘हे सगळं करायचं कोणी?’ प्रश्न रास्त आहे. उसळीला मोड आणणे, मेथी निवडणे, कोशिंबीर वेगळ्या डबीत भरणे, हे काम सकाळी साडेपाचला उठणाऱ्या एकाच व्यक्तीच्या माथी येते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. एकाच्या आरोग्याचा डबा दुसरीच्या झोपेतून भरला जात असेल, तर घराच्या आरोग्याचा हिशेब जुळत नाही.

रुग्णालयात हेही दिसते, की नवऱ्याच्या आणि मुलांच्या डब्यात चार पदार्थ भरणारी बाई स्वतःच्या डब्यात रात्रीची उरलेली पोळी आणि चटणी टाकून धावत गाडी गाठते. रक्तक्षयाचे ५७ टक्के वर आलेच आहेत. घरात सर्वांत कमी भरलेला डबा कोणाचा असतो, हे एकदा प्रत्येकाने पाहावे.

उपाय अवघड नाहीत. ज्याचा डबा, त्याने त्यातला निदान एक कप्पा तरी स्वतः भरावा. काकडी धुऊन ठेवणे, अंडी उकडणे, दही विरजणे, कडधान्य भिजत घालणे, यांतल्या कशालाच सुगरण असावे लागत नाही. रविवारी भिजवून मोड आणलेली मटकी फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहते. रात्री टीव्ही बघता बघता पालेभाजी निवडता येते, आणि ते काम दहावीतला मुलगाही करू शकतो. रोज चार पदार्थ हवेतच असेही नाही. मूगडाळ घातलेली एकच मेथीची भाजी भरपूर, दोन पोळ्या आणि एक फळ, एवढाही डबा उत्तम असतो.

कामाच्या ठिकाणचीही काही जबाबदारी आहेच. १९४८ च्या कारखाना कायद्याने मोठ्या कारखान्यांत कॅन्टीनची तरतूद केली. त्याच कायद्यात, दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे त्यांना घरून आणलेले जेवण बसून खाता येईल अशी खोली आणि पिण्याच्या पाण्याची सोय असावी, असेही लिहिले गेले. डबा खायला जागा लागते, हे त्या काळच्या कायदा करणाऱ्यांना कळले होते. आज चकचकीत कार्यालयांतही पुष्कळजण संगणकासमोर, एका हाताने मोबाइल सरकवत, सात मिनिटांत डबा संपवतात. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. सात मिनिटांत खाणारा तो येण्याआधीच जास्त खाऊन बसतो. एक टेबल, हात धुवायला बेसिन आणि एक फ्रिज, एवढी सोय कोणत्याही आस्थापनेला परवडणारी आहे.

आणि एकत्र बसून डबे उघडण्याचे एक वेगळेच बळ असते. कोणाची शेपूची भाजी, कोणाचा झुणका, कोणाची कारळ्याची चटणी मधोमध येते, आणि प्रत्येकाच्या ताटात एकाऐवजी तीन भाज्या होतात. कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्या एकट्या सहकाऱ्यालाही त्या टेबलावर बोलावता येते. तो पेरू आणेल, नाहीतर उकडलेले हरभरे आणेल.

पुढच्या तपासणीला जाताना त्या दोघांनीही डॉक्टरांना ‘घरचं’ किंवा ‘बाहेरचं’ एवढेच उत्तर देऊ नये. आदल्या आठवड्यातल्या डब्यात किंवा ताटात रोज काय होते, ते कागदावर लिहून न्यावे : पोळ्या किती, भाजी कोणती, कडधान्य होते का, लोणचे होते का, जेवायला बसायला किती वाजले. तपासणीच्या कागदाशेजारी तो कागद ठेवला, की पुढचे बोलणे नेमके होते, आणि कधी कधी गोळी वाढवायची वेळही येत नाही.